कळंबच्या काचेचा पंचनामा

या अंकाच्या संपादकांनी मला फोनवर दोनदा बजावलं, "मिस्त्री, खरं घडलेलं तेवढंच लिहा." म्हणजे माणूस अजून भेटलाही नाही, पण माझी कीर्ती तिथवर आधीच पोचलेली. मी म्हटलं, साहेब, निव्वळ खरं लिहायचं तर चार ओळींत आटोपतं. बाकीची पानं तुम्ही जाहिरातींना द्या. ते हसले नाहीत. तेव्हाच ओळखलं, माणूस आपल्याच जातकुळीतला आहे. संशयी.

मी यवतमाळात जुन्या काचेच्या आलमाऱ्या दुरुस्त करतो. पुण्यामुंबईचे लोक त्याला शोकेस म्हणतात. घरातली जी वस्तू वापरायची नसते पण आल्यागेल्यानं पाहिलीच पाहिजे, ती ठेवायची ही जागा. सासऱ्यानं विलायतेहून आणलेली कपबशी, आत्याच्या हातचं मोत्यांचं तोरण, मामाला कुस्तीत मिळालेली चांदीची ढाल, असं काहीही. चाळीस वर्षांत माझ्या हाताखालून इतक्या आलमाऱ्या गेल्या, की एकीला एक लावून उभ्या केल्या तर यवतमाळहून उमरखेडपर्यंत भिंत होईल आणि एसटीला जायला वाट उरणार नाही. संपादकांनी हे वाक्य कापलं तर समजून घ्या, त्यांनी मोजून पाहिलं.

आमच्या धंद्यात पटाशी आणि रंधा नंतर लागतात. आधी लागतो संशय. गिऱ्हाईक माझ्यावर घेतं, मी गिऱ्हाइकावर घेतो, आणि आलमारीवर दोघंही घेतो. आलमारी समोर आली की मी तिच्या पुढच्या अंगाकडं पाहतच नाही. पुढून सगळ्याच सुंदर असतात. मी पाठ पाहतो, खणाच्या खालून हात फिरवतो, बिजागरीचे स्क्रू पाहतो. जुन्या स्क्रूची खाच जरा तिरकी असते, कारण ती माणसानं कापलेली. पाठीला प्लायवूड दिसलं की कळतं, हिचं एकदा ऑपरेशन झालेलं आहे आणि घरचे लपवून राहिलेत.

नागपूरच्या एका हौशी गृहस्थाला अस्सल जुनी आलमारी पाहिजे होती. मी त्याला अस्सल नवी दाखवली, तर नाक मुरडलं. मग तीच चहाच्या पाण्यानं पुसली, गोवऱ्यांच्या धुरात आठवडाभर ठेवली, आणि बारीक ड्रिलनं पायाला किडीची भोकं पाडली. माणूस भोकं पाहून असा हरखला की त्यात बोटाचं टोक घालून पाहायचा. सागवानाला कीड सहसा शिवत नाही, हे त्याला कोणी सांगायचं? मी नाही सांगितलं. आता सांगतोय. याला पश्चात्ताप म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

आणि उमरखेडचे ते वकील. त्यांच्या आलमारीला पाठीमागून आरसा होता. कोपऱ्यात तडकला होता, म्हणून म्हणाले, काढा तो, मखमल लावा. लावली. दुसऱ्या दिवशी फोन, "मिस्त्री, आमचे हस्तिदंती रंगाचे बारा हत्ती होते. सहा आहेत." मी गेलो. सहाच होते. मी विचारलं, "साहेब, त्या बारांतले तोंडं पुढं केलेले किती?" म्हणाले, "सहा." "अन शेपट्या पुढं केलेले?" तेही सहा. पण एवढं होऊनही गडी मानायला तयार नाही. घरात तीस वर्षं बारा म्हणत आले होते, पाहुण्यांना बारा सांगितले होते. शेवटी तडकलेला आरसा परत बसवला तेव्हा कुठं कळप पूर्ण झाला.

हे हसण्यावारी गेलं. कळंबचं नाही गेलं. संपादकांनी खरं मागितलं म्हणून तेही लिहितो.

कळंबला पांढरीपांडे म्हणून निवृत्त कारकून आहेत. सगळी नोकरी सरकारी रेकॉर्डरूममध्ये गेली. चिंतामणीच्या देवळापासून पाच मिनिटांवर घर, आणि बैठकीत वडिलांच्या वेळची सागवानी आलमारी. एकच दार, दाराला एकच अखंड काच, आत चार फळ्या. लाकडाला वर्षानुवर्षांचा काळपटपणा, बिजागरी निखळलेली. मी पाहायला गेलो तेव्हा पांढरीपांडे पाटीवर कागद लावून बसले होते. शेजारचे दोघे साक्षीदार म्हणून बोलावलेले.

"मिस्त्री, आधी पंचनामा," ते म्हणाले.

"साहेब, मोबाइलनं दोन फोटो काढून घ्या, झालं."

"फोटोत आजकाल काहीही करता येतं. कागदात करता येत नाही."

मग त्यांनी लिहिलं, आणि मोठ्यानं वाचलं. सागवानी आलमारी एक. पाय चार, पैकी डावा मागचा किंचित आखूड. काच एक, जुनी, आत बुडबुडे तीन, मोठा तांदळाएवढा. मी सही केली. चाळीस वर्षांत असं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. मनात म्हटलं, हा माणूस चितेवर चढण्याआधी लाकडं मोजून घेईल.

आलमारीत होतं काय? त्यांच्या सौभाग्यवती, सुलभाकाकू, त्यांचं रुखवत. लग्नात मांडायला घरच्या बायकांनी हातानं केलेल्या वस्तू. लोकरीचं बदक, काडेपेटीचा बंगला, आणि वरून दुसऱ्या फळीवर काचेच्या हिरव्या मण्यांचा एक पोपट. तो काकूंच्या थोरल्या बहिणीनं ओवलेला. ती बहीण काकूंच्या लग्नानंतर वर्षभरात गेली, एवढंच काकू बोलल्या. तिसऱ्या फळीवर मात्र साहेबांचं राज्य: निवृत्तीच्या दिवशीचा, हार घातलेला फोटो.

"मिस्त्री, हा पोपट मान हलवतो बरं," काकू म्हणाल्या. "इथून चालत जा, पाहा."

मी चाललो. खरंच, पोपटानं मान डोलावली. मला कारण माहीत होतं. जुनी काच कुठं जाड, कुठं पातळ असते, तिच्यात पाण्यासारखी लहर असते. लहरीमागची वस्तू, आपण चालत गेलो की हलल्यासारखी दिसते. पण काकूंना ते सांगितलं नाही. त्या रोज सकाळी स्वयंपाकघरात जाताना त्याला विचारायच्या, "ताई, आज कढी करू?" आणि पोपट हो म्हणायचा. त्यानं नाही म्हटल्याचं एकही उदाहरण नव्हतं.

काच मी तिथंच काढली. काच दारात ठेवून आलमारी कधी हलवायची नसते. वरच्या कडेला गेरूनं फुली मारली, म्हणजे बसवताना वरची बाजू कळते. आणि ती हरसिंगच्या हवाली केली.

हरसिंग राठोड. कळंब रस्त्यावरून थोडं आत त्याचा तांडा. त्याच्या आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य देशभर फिरवलं, हा शेती सांभाळून टेम्पो चालवतो. वीस वर्षं माझ्या काचा त्यानं वाहिल्या. एक तडा नाही. मी तर म्हणायचो, याच्या टेम्पोत अंडं उघडं ठेवलं तर यवतमाळात पिल्लू होऊन उतरेल, पण फुटणार नाही.

काम झालं, आलमारी परत गेली, काच बसवली, पांढरीपांड्यांनी पंचनाम्याबरहुकूम एकेक पाय तपासला, बुडबुडे मोजले, सही केली. तिसऱ्या दिवशी फोन.

"मिस्त्री, पोपट मान हलवत नाही."

गेलो. काकू आलमारीसमोर उभ्या. "काल सकाळी विचारलं. आज विचारलं. ढिम्म," त्या म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या. मी चाललो, परत चाललो. पोपट दगडासारखा.

"काच बदलली आहे," पांढरीपांडे म्हणाले.

"साहेब, बुडबुडे मोजले ना तुम्ही? तीनच आहेत."

"तीन बुडबुडे कुठल्याही जुन्या काचेत सापडतील."

"मंग पंचनाम्यात कायले लिहिले?"

"नोंद असावी म्हणून." त्यांनी चष्मा काढला. "मी चौकशी केली आहे. नेताना तुमचा टेम्पो तांड्यावर तासभर उभा होता. तासभर. काच तिथं बदलली. या लोकांचं काय सांगावं?"

इथं मी काय बोलायला पाहिजे होतं ते मला आता कळतं. तेव्हा मी गप्प बसलो. कारण सांगितलं ना, संशय आमचं पहिलं औजार. जुन्या लहरी काचेला नागपूरला गिऱ्हाईक टपलेलं असतं, हे मला ठाऊक होतं, आणि हरसिंगलाही ठाऊक होतं, कारण मीच त्याला सांगितलं होतं. तास कसला लागला? घरी येईस्तोवर माझ्या डोक्यात पूर्ण खटला उभा राहिला.

हरसिंग स्टँडवर टेम्पोची काच पुसत होता. मी सरळ विचारलं, "हरसिंग, त्या दिवशी तांड्यावर गाडी काहून थांबवली?"

तो पुसायचा थांबला. "तू इचारून राह्यला का सांगून राह्यला?"

"इचारून राह्यलो."

"रस्त्यानं काच वाजून राह्यली होती. तू चादर पातळ गुंडाळली होती. याडीजवळून जाड गोधडी घेतली, काच उतरवली, नीट बांधली, पुन्हा ठेवली. म्हातारीनं च्या पाजला. तास झाला." याडी म्हणजे त्याची आई. "वीस वर्षांत पह्यल्यांदा इचारलं तू मले."

"मले सांगतलं काहून नाही?"

"गोधडीचं काय सांगू? ती तर तुह्याच घरी हाय, धुऊन परत दे म्हटलं होतं तुह्या बायकोले."

आणि टेम्पो चालू करून गेला. घरी गेलो तर दोरीवर गोधडी वाळत होती. तरीही माझ्या मनातला वकील बसला नाही. गोधडी आणली म्हणून काच बदलली नाही, असं थोडंच होतं?

इकडं पांढरीपांड्यांनी पंचनाम्याची प्रत खिशात ठेवली आणि देवळाजवळ, चहाच्या टपरीवर, भेटेल त्याला वाचून दाखवू लागले. माझं नाव त्यात होतंच, पण मी यवतमाळचा, मला काय फरक पडतो. हरसिंग कळंबचा. कळंबच्या दुकानदारांचा माल, लग्नाची भांडी, मंडपाचे बांबू, सगळं त्याच्या टेम्पोत जायचं. आठ दिवसांत लोक दुसरा टेम्पो बोलावू लागले. बाजाराच्या दिवशी मी स्वतः पाहिलं, त्याची गाडी झाडाखाली रिकामी, आणि तो त्यात पाय लांब करून बसलेला. माझा फोन उचलत नव्हता. चोर म्हणून नाव लागलं ते माझ्या काचेमुळं, आणि काढायला पाहिजे होतं मीच.

मी पुन्हा कळंब गाठलं. कशासाठी, ते मलाही नीट माहीत नव्हतं. काकूंनी चहा दिला. सोफ्यावर पांढरीपांड्यांचे कागद पसरलेले, म्हणून मी खाली सतरंजीवर बसलो. चहा संपला, कप घेऊन उठता उठता दोन पावलं सरकलो, आणि तिसऱ्या फळीवर नजर गेली. निवृत्तीच्या फोटोतले पांढरीपांडे मान डोलावत होते! हारासकट. मी मागं सरकलो, पुन्हा पुढं झालो. साहेब होकार देतच होते.

डोक्यात वीज चमकली म्हणतात, ती मी त्या दिवशी पाहिली. लहर वरून दुसऱ्या फळीवर होती ती खालून दुसऱ्या फळीवर आली होती. काच तीच. उलटी बसलेली, वरची बाजू खाली. आणि ती बसवली कोणी? मी. गेरूची फुली काच राखेनं घासताना धुऊन निघते. धुतल्यावर पुन्हा मारायची असते, हे मी किती जणांना शिकवलं. त्या दिवशी मारली नाही, कारण मला आठवत होतं वर कोणतं आणि खाली कोणतं. चाळीस वर्षांचा मिस्त्री, त्याला फुली कशाला! पंचनाम्यातही बुडबुडे किती ते होतं, पण कोणत्या बाजूला, हे रेकॉर्डरूमवाल्यालाही सुचलं नव्हतं.

पट्ट्या काढल्या, बारीक खिळे उपटले, काच साहेबांच्या डोळ्यांसमोर फिरवली, बसवली. अर्धा तास. "काकू, या," म्हटलं.

काकू आल्या, आलमारीसमोरून गेल्या. पोपटानं मान डोलावली. त्या थांबल्या, मागं गेल्या, पुन्हा पुढं आल्या. चार वेळा. विचारलं काहीच नाही.

पांढरीपांडे हसले. जिंकल्यासारखे. "आणली ना परत?"

"काय आणली?"

"मूळ काच. मला माहीत होतं, दबाव आणला की येणार."

"साहेब, तुमच्या डोळ्यांसमोर हीच काच उलटवली!"

"उलटवल्यानं मेलेला पोपट जिवंत होतो? तुम्ही येताना पिशवीत आणली. त्या टेम्पोवाल्याला वाचवताय."

मी पिशवी उघडून दाखवली. हातोडी, पटाशी. काच छातीएवढी, पिशवी वीतभर. मी कढईचं झाकण मागून घेतलं, वर-खाली करून दाखवलं. लहर समजावली. आयुष्यात पहिल्यांदा मी सलग वीस मिनिटं खरं बोललो, आणि समोरचा माणूस डोळे बारीक करून ऐकत होता, मी उमरखेडच्या भिंतीबद्दल सांगून राहिल्यासारखा. तेव्हा कळलं, या माणसाच्या मनात चोरी नोंदली गेली आहे. नोंद खोडायची त्याला सवय नाही. चोर लागणारच. प्रश्न एवढाच, कोणता.

"बरं साहेब," मी म्हटलं. "आता लपवून काय उपयोग. मीच बदलली होती."

त्यांनी लगेच कागद ओढला. "जबाब द्या."

दिला. असा दिला की काय सांगू! नागपूरचा एक व्यापारी, काळी गाडी, मला त्यानं कसं भुलवलं, मग पोपटाची मान माझ्या स्वप्नात कशी यायची, मी कसा परत गेलो आणि त्याच्या पाया पडून काच आणली, आज पहाटेच साहेब फिरायला गेलेले असताना गुपचूप ती मागच्या अंगणात ठेवली. उलटवण्याचं नाटक तेवढं समोर केलं. साहेबांना कुठंच शंका आली नाही. एक अट मात्र मी घातली. "पहिल्या ओळीत लिहा: टेम्पोचालक हरसिंग राठोड यांचा या प्रकाराशी काहीही संबंध नाही." त्यांनी लिहिलं. मी सही केली, आणि त्यांना म्हटलं, "आता हे वाचून दाखवा, जिथं जिथं पंचनामा वाचला तिथं."

दाराशी काकू हळूच म्हणाल्या, "मी सगळं पाहिलं हो, मिस्त्री. पण यांना सांगून उपयोग नाही. चाळीस वर्षं सांगतेय, हा पोपट आहे, ते म्हणतात राघू."

साहेबांनी शब्द पाळला. गावभर वाचलं. वर माझी शिफारसही करू लागले, "चोर आहे, पण धाकात ठेवला तर काम चोख करतो." कळंबहून त्यानंतर जी गिऱ्हाइकं आली ती सगळी पंचनामा घेऊनच आली. हरसिंगच्या टेम्पोत पुन्हा बांबू दिसू लागले.

मी गोधडी घडी करून तांड्यावर गेलो. त्याच्या याडीनं ती घेतली, उलगडून चारी कोपरे पाहिले आणि आत नेली. हरसिंग बाजेवर बसला होता.

"आयकलं मी," तो म्हणाला. "बम खोटं बोलला तू. काळी गाडी गिडी."

"मंग? तुह्यासाठी बोललो ना."

"व्हय. मानलं." त्यानं बाजेवर जागा केली, पण माझ्याकडं पाहिलं नाही. "मिस्त्रीभौ, तू खोटं बोलतं तं मले राग नाही येत. सारी दुनिया जाणते तुले. पण स्टँडवर तू मले इचारलं ना, तवा खरं बोलून राह्यला होता."

मी बाजेच्या कडेला टेकलो.

"काम करीन तुह्यं," तो म्हणाला. "पण आता काच तू घेऊन बसजो मागं."

तेव्हापासून असंच चाललं आहे. मी मागं, उघड्यावर, गोधडीत गुंडाळलेली काच मांडीवर घेऊन. गुडघे बोलतात, पाठ बोलते. खड्डा आला की काच वाजते, मी दोन्ही हातांनी धरतो आणि बाजूच्या आरशात हरसिंगचे डोळे दिसतात. ते रस्त्याकडं असतात की माझ्याकडं, मला अजून सांगता येत नाही.